जीएसटी, पण करवाला नाही: परळ ते खारघर, हळदीच्या एका दाव्याची तपासणी

गटारी उलटली की दुसऱ्या दिवशी, आणि ३१ डिसेंबर उलटला की १ जानेवारीला, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. हळद, लिंबू, काळी मिरी, कोमट पाणी. सात दिवसांत लिव्हर साफ. आता तर त्याच्या गोळ्याही मिळतात. डबीवर पिवळं फूल, हिरवं पान, आणि खाली एक ओळ : 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे.'

कोणत्या शास्त्रज्ञांनी? कुठे? कसं?

गंमत अशी की या प्रश्नांच्या उत्तराचा मोठा भाग आपल्याच नवी मुंबईत आहे. खारघरला सेक्टर २२ मध्ये, उत्सव चौकातून ओवे कॅम्पच्या दिशेने गेलं की ६० एकरांचा एक परिसर लागतो. रिक्षावाले त्याला 'टाटा हॉस्पिटल' म्हणतात. त्याचं खरं नाव ॲक्ट्रेक. टाटा मेमोरियलचं कॅन्सर उपचार, संशोधन आणि शिक्षणाचं केंद्र. तिथे उपचार होतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिथल्या प्रयोगशाळांमध्ये हळद, तंबाखू आणि यकृत या तिघांचा हिशोब वर्षानुवर्षं मांडला गेला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. आज तीच गोष्ट सांगायची आहे. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी यकृत करतं काय, ते बघू. कारण 'साफ करणं' हा शब्दच थोडा फसवा आहे. यकृत म्हणजे घाण अडकून बसलेली गाळणी नाही की पाणी मारलं आणि धुतली. आपण मटणवाल्याकडून कलेजी आणतो ती नुसती बघा, कुठे गाळ साठलेला दिसत नाही. यकृत म्हणजे कारखाना आहे. रक्तातून आलेला परका पदार्थ तिथे साधारण दोन टप्प्यांत हाताळला जातो. पहिल्या टप्प्यात पी-४५० नावाच्या एन्झाइमचं कुटुंब त्या पदार्थात बदल करतं, त्याला एक 'कडी' बसवतं. दुसऱ्या टप्प्यात दुसरी एन्झाइमं त्या कडीला पाण्यात विरघळणारं काहीतरी अडकवतात, म्हणजे तो लघवीतून किंवा पित्तातून बाहेर जाऊ शकतो. दुसऱ्या टप्प्यातलं एक महत्त्वाचं एन्झाइम म्हणजे ग्लुटाथायोन-एस-ट्रान्सफरेज. याचं लघुरूप होतं जीएसटी. हा करवाला जीएसटी नाही, पण वसुली तोही करतोच.

आता यातली खोच. पहिल्या टप्प्यात पदार्थ दर वेळी निरुपद्रवी होतोच असं नाही. काही वेळा तो आधीपेक्षा जास्त घातक होतो. घराघरातलं उदाहरण पॅरासिटामॉलचं. नेहमीच्या डोसमध्ये पहिल्या टप्प्यात त्याचा थोडासा भाग विषारी रूपात जातो, पण ग्लुटाथायोन त्याला लगेच पकडतं. डोस फार झाला की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि तेच विष यकृताच्या पेशी मारतं. तंबाखूच्या आणि गाड्यांच्या धुरात बेंझोपायरीन नावाचं रसायन असतं, त्याचंही असंच. मूळ रूपात ते आपल्या डीएनएला चिकटत नाही. आपलीच पी-४५० एन्झाइमं त्याला चिकटणाऱ्या रूपात बदलतात, आणि जीएसटी ते रूप पकडून बाहेर काढायला बघतं. म्हणजे 'डिटॉक्स वाढवा' या वाक्याला काही अर्थच नाही, जोवर कोणता टप्पा वाढवायचा ते कुणी सांगत नाही.

आणि हो, तुमच्या रक्ताच्या रिपोर्टमधलं एसजीपीटी हे वेगळं. ते वाढलं तर यकृताच्या पेशींना इजा होतेय एवढं कळतं. यकृताची विष हाताळायची ताकद किती आहे, हे त्यातून कळत नाही.

आता जुन्या गोष्टीकडे.

टाटा मेमोरियल हॉस्पिटल परळला सुरू झालं १९४१ मध्ये. तिथल्या पॅथॉलॉजीची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. रोग नुसता सूक्ष्मदर्शकाखाली बघून हे गृहस्थ थांबले नाहीत. रुग्ण काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हेही त्यांनी विचारलं. धोतर कमरेला घट्ट कसून बांधण्याच्या जागी होणारा त्वचेचा कॅन्सर त्यांनी नोंदवला. सवय आणि कॅन्सर यांचा संबंध असतो, हे आपल्याकडे इतक्या स्पष्टपणे मांडणाऱ्या पहिल्या लोकांमध्ये ते होते. १९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झालं आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. पुढे त्याचं नाव कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झालं, आणि १९६६ मध्ये हॉस्पिटल आणि संशोधन संस्था टाटा मेमोरियल सेंटर या एका छत्राखाली आल्या.

याच संस्थेत डॉ. कमल रणदिवे यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, म्हणजे टिश्यू कल्चरची, देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. पुढे त्या संस्थेच्या प्रमुख झाल्या. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करणाऱ्यांतही त्या होत्या. त्या संघटनेचं मुख्यालय आज आपल्या वाशीला आहे. म्हणजे परळची ही परंपरा खाडी ओलांडून नवी मुंबईत एका नाही, दोन वाटांनी आली.

आता मिश्रीकडे येऊ. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. कोकणात, देशावर, आणि इथल्या जुन्या गावठाणांतही हे पाहिलेले लोक ही पोस्ट वाचत असतील. आजी, मावशी, काकू. 'मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते' हे वाक्यही ऐकलेलं असेल. १९८०च्या दशकात डॉ. सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परळला या मिश्रीचा अभ्यास केला. भाजताना तिच्यात बेंझोपायरीनसारखी रसायनं तयार होतात. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत मिश्रीच्या अर्काने प्राण्यांमध्ये गाठी आल्या. दात घासायची वस्तू म्हणून जी घरोघरी होती, ती कॅन्सरकारक निघाली.

या काळात एक स्वस्त आणि हुशार चाचणी जगभर वापरली जायची. अमेरिकेतल्या ब्रूस एम्स यांनी ती बसवली होती. एखादं रसायन डीएनए बिघडवतं का, हे जिवाणूंवर तपासायचं. पण जिवाणूंना यकृत नसतं. मग बेंझोपायरीनसारखी रसायनं, जी यकृतात गेल्यावरच घातक होतात, ती कशी पकडायची? उपाय साधा : उंदराच्या जातीतल्या प्राण्याचं यकृत वाटून त्याचा गाळलेला रस बशीत घालायचा. जिवाणूंना उसनं यकृत द्यायचं.

भिडे यांच्या गटाने याच चाचणीत हळदीतलं करक्युमिन तपासलं. १९८६ आणि १९८७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पहिली गोष्ट, करक्युमिन स्वतः डीएनए बिघडवत नव्हतं. दुसरी, विडी-सिगारेटच्या धुराचा अर्क, तंबाखू आणि मिश्रीचा अर्क, बेंझोपायरीन, या सगळ्यांचा डीएनए बिघडवण्याचा गुण करक्युमिन घातल्यावर कमी झाला. बातमीसाठी एवढं पुरे होतं. पण खरा धागा तिसऱ्या निष्कर्षात होता. ज्या रसायनांना घातक व्हायला यकृताच्या रसाची गरजच लागत नाही, त्यांच्यावर करक्युमिनचा परिणाम झाला नाही.

म्हणजे काय? करक्युमिन विषाला थेट मारत नसावं. ते यकृताच्या रसातल्या कुणाच्या तरी कामात हात घालत असावं. कुणाच्या? रस म्हणजे हजारो प्रथिनांची खिचडी. त्यातलं नेमकं कोण?

इथे अँटीबॉडीची गरज पडते.

जीएसटीचं काम उंदराच्या यकृतात पहिल्यांदा ओळखलं गेलं १९६१ मध्ये, लंडनमध्ये. पुढे बरीच वर्षं ते मोजायची पद्धत अशी : त्याला एक ठरावीक रसायन द्यायचं, आणि ते किती वेगाने बदलतंय ते यंत्रावर बघायचं. पी-४५०चं नावही असंच पडलं आहे, ठरावीक प्रक्रियेनंतर ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतं म्हणून. या पद्धती चांगल्या आहेत, आजही वापरतात. पण त्या 'किती' सांगतात, 'कोण' ते नीट सांगत नाहीत. जीएसटी हे एक एन्झाइम नाही, मोठं कुटुंब आहे. अल्फा, म्यू, पाय, थीटा अशी घराणी, आणि प्रत्येकात भावंडं. सगळ्यांचं काम मिळतंजुळतं. एकूण काम वाढलं असं यंत्र सांगतं, पण कोणत्या भावाने जास्त काम केलं ते सांगत नाही. त्यासाठी प्रत्येकाला चेहऱ्याने ओळखणारा माणूस हवा. तो माणूस म्हणजे अँटीबॉडी.

अँटीबॉडी हा शब्द कोविडनंतर सगळ्यांना माहीत झाला. शरीर परक्या वस्तूला ओळखायला जी प्रथिनं बनवतं, ती. परळला ही गोष्ट त्याच्याही फार आधीपासून ओळखीची होती. टाटा मेमोरियलच्या शेजारीच हाफकिन संस्था. तिथे सापाच्या विषावरचा उतारा घोड्यांच्या रक्तातून बनवला जायचा. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याचं शरीर विषाला पकडणाऱ्या अँटीबॉडी बनवतं, त्या काढून माणसाला द्यायच्या. संशोधनासाठीची अँटीबॉडी याच तत्त्वावर बनते. फरक एवढाच की सशाला विषाऐवजी यकृतातून वेगळं काढलेलं एन्झाइम टोचायचं. सशाच्या रक्तात त्या एन्झाइमला ओळखणाऱ्या अँटीबॉडी तयार होतात.

१९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाईन यांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. अँटीबॉडी बनवणारी एकच पेशी निवडून तिचा न संपणारा वंश वाढवायचा, म्हणजे हवी तेवढी एकसारखी अँटीबॉडी मिळत राहते. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या शोधाचं पेटंट घेतलं गेलं नाही, जगभरात कुणीही ती पद्धत वापरली. १९७९ मध्ये एक सोपी चाचणी आली. प्रथिनं आकारानुसार पट्टीवर पसरवायची आणि मग त्या पट्टीवर अँटीबॉडी सोडायची. जिथे ओळखीचं प्रथिन असेल तिथे ती चिकटते, आणि तिथे काळी रेघ उमटते. याला म्हणतात वेस्टर्न ब्लॉट. आधी सदर्न नावाच्या शास्त्रज्ञाच्या नावाने सदर्न ब्लॉट होती, म्हणून गमतीत हिचं नाव वेस्टर्न पडलं.

२००२ मध्ये कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट परळहून खारघरला आली. त्या वेळचं खारघर आठवा. निम्मे सेक्टर नकाशावर, डोंगराखाली मोकळं रान. तिथे ॲक्ट्रेक उभं राहिलं, आणि परळचे प्रश्न सामानाबरोबर इकडे आले.

डॉ. गिरीश मारू यांच्या गटाने करक्युमिन आणि यकृताची एन्झाइमं हा विषय पुढे नेला. २००१ मध्ये त्यांनी दाखवलं होतं की हळदीतली ही द्रव्यं पहिल्या टप्प्यातल्या काही पी-४५० एन्झाइमांना आवर घालतात. २००८ मध्ये खारघरहून प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास जास्त बारीक होता. उंदरांना आहारातून करक्युमिन दिलं, मग बेंझोपायरीन दिलं, आणि यकृत आणि फुफ्फुसात काय होतं ते पाहिलं. बेंझोपायरीन मिळालं की पहिल्या टप्प्यातली ती घातक रूप बनवणारी एन्झाइमं वाढतात. करक्युमिन खाल्लेल्या उंदरांत ती तेवढी वाढली नाहीत. उलट जीएसटीसारखी दुसऱ्या टप्प्यातली एन्झाइमं वाढली. आणि डीएनएला चिकटलेलं बेंझोपायरीनही कमी आढळलं.

१९८७ मध्ये परळला जो धागा सापडला होता, त्याचं टोक वीस वर्षांनी खारघरला हाती आलं. करक्युमिन रसातल्या नेमक्या कुणाच्या कामात हात घालतं, ते एकेकाला नावानिशी सांगता आलं.

इथे थांबून एक गोष्ट नीट बघायला हवी. या अभ्यासात निष्कर्ष एकट्या अँटीबॉडीवर सोडलेला नव्हता. एन्झाइमचं काम मोजलं, प्रथिन मोजलं, आणि ते प्रथिन बनवायचा पेशीतला निरोप, म्हणजे आरएनए, तोही मोजला. तीन वेगळे साक्षीदार, आणि तिघांची जबानी जुळली. एकाच साक्षीदारावर खटला उभा केला नाही.

हे एवढं ठासून सांगायचं कारण आहे. अँटीबॉडी चुकीची साक्ष देऊ शकते.

संशोधनाच्या अँटीबॉडी छोट्या कुपीत येतात. आत दोन थेंब मावतील एवढा द्रव, किंमत हजारोंच्या घरात. बऱ्याचशा परदेशातून बर्फात घालून येतात. कुपीवर लिहिलेलं असतं, ही अमुक प्रथिन ओळखते. पण ती खरंच तेच ओळखते का? की त्याच्यासारख्या दिसणाऱ्या भावालाही चिकटते? २०१५ मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये जाहीरपणे मांडलं की या अँटीबॉडींच्या दर्जाचं काहीतरी करा, यांच्यावर विसंबून पैसा आणि वर्षं वाया जातायत. २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ अँटीबॉडी एकाच पद्धतीने तपासल्या. निम्म्याहून जास्त अँटीबॉडी किमान एका वापरात नापास झाल्या. प्रत्येक प्रथिनामागे सरासरी १२ शोधनिबंध असे निघाले, ज्यांत मूळ प्रथिन न ओळखणारी अँटीबॉडी वापरली होती. कौतुकाची गोष्ट ही की या तपासणीत कंपन्याही सामील होत्या, आणि अपेक्षेला न उतरलेल्या अँटीबॉडींपैकी सुमारे २० टक्के त्यांनी स्वतःहून बाजारातून काढल्या.

त्यांनी तपासलं कसं? पद्धत इतकी साधी आहे की दहावीच्या मुलाला कळेल. दोन प्रकारच्या पेशी घ्यायच्या. एकीत ते प्रथिन आहे. दुसरीतून त्याचं जनुकच काढून टाकलेलं, म्हणजे ते प्रथिन असूच शकत नाही. दोन्हींवर तीच अँटीबॉडी सोडायची. पहिलीत रेघ यायला हवी, दुसरीत जागा कोरी राहायला हवी. दुसरीतही रेघ आली तर अँटीबॉडी खोटं बोलतेय. किती सुंदर काळी रेघ आली याला महत्त्व नाही. कोरी राहायची ती जागा कोरी राहिली का, हा खरा प्रश्न.

आणि यकृताच्या जीएसटीच्या बाबतीत ही कोरी जागा निसर्गानेच ठेवली आहे. माणसांमध्ये. जीएसटीच्या म्यू घराण्यातलं पहिलं भावंड, एम-१, याचं जनुक अनेक धडधाकट माणसांमध्ये मुळात नसतंच. युरोपात साधारण निम्म्या लोकांत ते नाही. भारतात प्रमाण कमी आहे, तरी साधारण दर चार-पाच जणांत एक. म्हणजे तुमच्या लोकलच्या चौथ्या सीटसकट एका बाकावर जेवढे बसतात, त्यातल्या एकाकडे ते नसण्याची बरीच शक्यता. त्याला पत्ताही नसतो. बाकीची भावंडं काम सांभाळून घेतात. एम-१साठीची अँटीबॉडी खरी असेल तर अशा माणसाच्या यकृताच्या नमुन्यावर तिने गप्प बसलं पाहिजे.

पण हा फक्त प्रयोगशाळेतला उपयोग नाही. ही कोरी जागा माणसाच्या आयुष्यातही बोलते. २००२ मध्ये डॉ. रजनी भिसे यांच्या गटाने तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांची आणि निरोगी लोकांची जनुकं तपासली. एम-१ नसलेल्यांचं प्रमाण रुग्णांमध्ये बरंच जास्त निघालं. दोन मित्र एकाच टपरीवर, एकाच पुडीतून, तेवढीच वर्षं खातात, आणि एकालाच होतो. आपण म्हणतो नशीब. त्या नशिबातला एक तुकडा या अभ्यासात दिसला. अर्थात यावरून 'माझ्याकडे एम-१ आहे, मला काही होत नाही' असं कुणी म्हणू नये. रुग्णांमध्ये एम-१ असलेलेही भरपूर होते.

आता परत त्या डबीकडे. 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे' म्हणजे नक्की काय सिद्ध झालं? उंदरांमध्ये, ठरावीक विष देण्याआधी आहारातून करक्युमिन दिलं, तर ठरावीक एन्झाइमं ठरावीक दिशेने हलली. हे खरं आहे आणि महत्त्वाचं आहे. गटारीनंतर सात दिवस गोळ्या घेऊन माणसाचं यकृत साफ होतं, असं यात कुठेही नाही.

दुसरी मौज पुढे आहे. आपलं यकृत करक्युमिनलाच परका पदार्थ समजतं. पोटात गेलेलं करक्युमिन रक्तात फारसं पोचतच नाही, कारण आतडं आणि यकृत त्याच दुसऱ्या टप्प्यातल्या एन्झाइमांनी त्याला बांधून बाहेर पाठवतात. म्हणून गोळ्यांमध्ये काळ्या मिरीतलं पिपरीन घालतात. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की २ ग्रॅम करक्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं तर माणसाच्या रक्तात पोचणारं करक्युमिन सुमारे २० पट होतं. कसं? पिपरीन यकृताच्या त्या बांधणाऱ्या एन्झाइमला रोखतं म्हणून. नीट वाचा. 'डिटॉक्स'ची गोळी नीट लागू पडावी म्हणून आधी डिटॉक्सचं एक एन्झाइम थांबवावं लागतं. आणि ते थांबलं की तुम्ही घेत असलेल्या दुसऱ्या औषधांचाही हिशोब बिघडू शकतो.

हे केवळ तात्त्विक नाही. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांनंतर यकृताला सूज आलेले अनेक रुग्ण नोंदले गेले आणि सरकारला सावधगिरीची सूचना काढावी लागली. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या गटाने २००४ ते २०२२ या काळातले १० रुग्ण हळदीच्या गोळ्यांशी जोडले. पाच जणांना दाखल करावं लागलं, एक दगावला. दहापैकी सात जणांमध्ये एक विशिष्ट जनुकीय खूण होती. म्हणजे पुन्हा तेच, सगळ्यांना होत नाही, पण कुणाला होईल ते डबीवर लिहिलेलं नसतं.

भाजीत, डाळीत, रात्रीच्या दुधात जाणाऱ्या हळदीबद्दल हे चाललेलं नाही. आईच्या फोडणीला कुणी हात लावलेला नाही. एकवटलेल्या, मिरीच्या अर्काने जोर लावलेल्या गोळ्यांबद्दल चाललंय.

काही जण म्हणतील, हे आपल्या परंपरेला नावं ठेवणं झालं. उलट आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरते यावर पेटंट दिलं गेलं. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे प्रमुख होते. सीएसआयआरने ते पेटंट आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. ते भावनेवर जिंकलं नाही, 'आमच्या आजीला माहीत होतं' एवढ्यावर जिंकलं नाही. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा छापील वैद्यकीय लेख पुढे ठेवून जिंकलं. तेव्हा पुरावा मागितला गेला आणि आपण तो दिला. मग आज आपल्याच नावावर गोळ्या विकणाऱ्याकडे पुरावा मागितला तर त्यात परंपरेचा अपमान कसला?

आपल्या शहराला तर पुराव्याची सवय लागायलाच हवी. ठाणे-बेलापूर पट्टा आणि तळोजा, दोन्ही बाजूंना रसायनांचे कारखाने. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याला कासाडी नदीच्या परिसरात कुत्री निळी झाली तेव्हा फोटो जगभर गेले. निळा रंग दिसतो म्हणून बातमी झाली. जे दिसत नाही ते आपल्या यकृतापर्यंत किती पोचतं, हा प्रश्न कुठल्या गोळीने सुटणारा नाही. तो हवा-पाणी मोजून, आकडे जाहीर करायला लावूनच सुटेल. आणि मोजणारी उपकरणं, अँटीबॉडी असो की प्रदूषणाचं यंत्र, त्यांचीही तपासणी होते का, हे विचारणं आपलं काम आहे.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर तो मेसेज आला की भांडू नका. खाली फक्त तीन प्रश्न टाका.

१. हे कुणावर तपासलं? माणसावर, उंदरावर, की बशीतल्या पेशींवर?

२. काय मोजलं, आणि एकाच पद्धतीने मोजलं की दोन-तीन वेगळ्या पद्धतींनी?

३. जिथे काहीच दिसायला नको होतं, तिथे काही दिसलं नाही ना, हे तपासलं का?

तिसरा प्रश्न बहुतेक कुणी विचारत नाही. पण सगळा खेळ तिथेच आहे.

यकृतासाठी खरंच काही करायचं असेल तर यादी जुनीच आहे, तिची जाहिरात कुणी करत नाही एवढंच. हेपॅटायटिस बीची लस, दारूवर ताबा, पोटाचा घेर, डॉक्टरांना न विचारता गोळ्या न घेणं. आणि तंबाखू, गुटखा, मिश्री बंद. आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि तरी तो कुठे मिळतो ते तुम्हालाही ठाऊक आहे. घरात अजून कुणी मिश्री लावत असेल तर त्यांना आज परळच्या त्या प्रयोगाबद्दल सांगा. रागावून नको, शेजारी बसून.